बाबांच्या डब्यातले अकीक : कापण्या-घासण्याच्या नोंदी

१४ जुलै २०२४

आज दुकान बंद होतं म्हणून पोटमाळा आवरायला घेतला. चष्म्याच्या जुन्या फ्रेमांच्या खोक्यामागे बाबांचा पत्र्याचा बिस्किटांचा डबा निघाला. उचलतानाच वजनावरून कळलं की आत काचा नाहीत, दगड आहेत. तेवीस निघाले. सगळ्यात मोठा मुठीएवढा, सगळ्यात लहान बोराएवढा. बाहेरून खडबडीत, मळकट. दोन-तीन तुटलेले होते आणि त्यांच्या आतून राखाडी-निळसर पट्टे डोकावत होते. अकीक.

मी शाळेत असताना बाबा सुटीच्या दिवशी सायकल काढून जायचे आणि संध्याकाळी खिशातून असे दगड काढून ओट्यावर मांडायचे. कुठून आणले ते सांगायचेही. मी ऐकलं, पण लिहून ठेवलं नाही. त्यांनीही नाही.

सोप्या कसोटीने सुरुवात केली. दुकानात काचेची टाकाऊ भिंगं पडून असतात. त्यांच्यावर एकेक दगड ओढून पाहिला. एकोणीस दगडांनी काच चरली, चार नुसते घसरले. ते चार सुरीच्या टोकानेही ओरखडले गेले, म्हणजे बहुधा कॅल्साइट, अकीकाहून मऊ खनिज. अकीकाचा कठीणपणा मोहच्या मापावर साडेसहा ते सातच्या आसपास असतो. सुरीचं पातं त्याच्यापुढे चालत नाही.

ठरवलं ते असं : यातल्या बारा दगडांच्या चकत्या कापायच्या, साधारण पाच मिलिमीटर जाडीच्या. रंग द्यायचा नाही, तापवायचं नाही. उरलेला अर्धा दगड चकतीबरोबरच ठेवायचा.

२१ जुलै

कालपासून झड लागली आहे, गिऱ्हाईक नाही. दगड ब्रशने धुतले. धुतल्यावर पाच दगडांच्या सालीवर हिरवट थर दिसला, शेवाळासारखा. पण नखाने निघत नाही. तो सेलाडोनाइट असावा. बेसाल्टमधल्या, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या पत्थरातल्या, पोकळ्यांच्या भिंतीला हा हिरवा थर आधी धरतो आणि अकीक त्याच्या आत वाढतो. म्हणजे ही साल पोकळीच्या भिंतीचा ठसा आहे. ती घासून काढायची नाही, हे लगेच वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं.

नागपूरचा पश्चिम भाग लाव्ह्याच्या काळ्या पत्थरावर बसला आहे, सीताबर्डीची टेकडीही त्यातलीच. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हे वाहिले. थिजताना त्यांच्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या उरल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने सिलिका आणली, ती या पोकळ्यांत थरावर थर बसत गेली. थरातले कॅल्सेडोनीचे, म्हणजे अकीक ज्या सिलिकेचा बनतो तिचे, तंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात आणि भिंतीला काटकोनात, आतल्या दिशेने वाढतात. मध्ये जागा उरली तर तिथे क्वॉर्ट्झचे स्फटिक येतात, नाहीतर पोकळी तशीच राहते.

४ ऑगस्ट

पाऊस उघडला. तुलनेसाठी ठिकाण माहीत असलेले दगड हवेत, म्हणून भाच्याला घेऊन अमरावती रोडने वाडीच्या पुढे एका खदानीवर गेले. मालकाला आधीच फोन करून विचारलं होतं. अकीक २०१५ पासून गौण खनिजांच्या यादीत आहे, आणि यादीचं सोडलं तरी दुसऱ्याच्या खदानीतून न विचारता दगड उचलणं मला पटत नाही.

खदानीत पाणी भरलं होतं. चौकीदार म्हणाला, "ताई, एवढ्या चिखलात काय शोधून राहिल्या?" तुटलेला अकीक दाखवला. "ह्या गारा? मशीनचे जबडे खाऊन टाकते ह्या. आम्ही बाजूले फेकून देतो." त्याने दाखवलेल्या ढिगात अर्ध्या तासात चौदा मिळाले. बहुतेक तडकलेले, सुरुंगाचा धक्का खाल्लेले. अशा दगडाची चकती करवतीखालीच दोन तुकडे होऊन पडते, म्हणून त्यातले तीनच घेतले.

चौथा मात्र जागेवरचा आहे. खदानीच्या जुन्या, बंद पडलेल्या बाजूला, पाण्याच्या वरच्या कडेत, खांद्याच्या उंचीवर तो काळ्या पत्थरात बसलेला होता. काढण्याआधी त्याच्यावर खडूने वरच्या दिशेचा बाण काढला, फोटो घेतला, मग चौकीदाराने छिन्नीने सोडवून दिला. बाण पावसाने पुसू नये म्हणून तिथेच त्याच्यावर पक्क्या शाईच्या पेनाने गिरवलं. नोंद : ख-४.

११ ऑगस्ट

पहिली चकती वाया गेली. संगमरवर कापणाऱ्या एका कारखान्यात दगड क्रमांक ३ नेला होता. तिथल्या मोठ्या पात्याला सपाट लादीची सवय. गोल दगड त्यांनी हाताने धरून लावला, तो पात्यात फिरला आणि चकतीचा कोपरा उडाला. कोणाला लागलं नाही हे महत्त्वाचं. पण तो दगड बाबांनी कुठूनतरी एवढा जपून आणलेला. घरी येईपर्यंत मन लागलं नाही.

आता पाण्यावर चालणारा टेबलाचा टाइल कटर भाड्याने घेतला आहे, सलग कडेच्या हिऱ्याच्या पात्याचा. फटी असलेलं पातं नको, ते अकीकाच्या कडांचे टवके उडवतं. गोल दगड फिरू नये म्हणून लाकडाच्या ठोकळ्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये अर्धा बुडवून एक रात्र सुकू दिला. ठोकळा सरळ पट्टीला टेकतो, दगड हलत नाही. जोर अजिबात लावायचा नाही, पात्याला त्याच्या चालीने खाऊ द्यायचं. चार सेंटिमीटरच्या दगडाला वीस मिनिटं लागली. पातं एका बाजूने पुरत नाही तिथे ठोकळा उलटवून दुसऱ्या बाजूने काप जुळवला.

दगड कुठून कापायचा हा खरा विचार. पट्टे पोकळीच्या आकाराने वळतात, त्यामुळे लांबीतून कापला तर एक चित्र, रुंदीतून कापला तर दुसरं. दगड ओला करून, जिथे सालीवर छोटा खळगा दिसतो तिथून आरपार काप घेतला, तर पट्टे एका अरुंद नळीसारखे बाहेरच्या कडेपर्यंत ओढले गेलेले दिसतात. क्रमांक ५ मध्ये ही नळी फार सुंदर मिळाली.

२५ ऑगस्ट

घासणं चालू. बाबा काचेची भिंगं लोखंडी साच्यावर एमरीने घासायचे, पण ते साचे वक्र. मला सपाट पृष्ठ हवा म्हणून बारा मिलिमीटर जाडीची काच आणली. तिच्यावर चमचाभर सिलिकॉन कार्बाइडची पूड, थोडं पाणी, आणि चकतीने आठाचा आकडा गिरवत राहायचं. ८० नंबर, मग २२०, ४००, ६००, १००० : नंबर वाढला की पूड बारीक.

एक युक्ती कामाची ठरली. प्रत्येक नंबर सुरू करण्याआधी चकतीवर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या. घासल्यावर त्या मध्येच उरल्या तर पृष्ठ खोलगट आहे, कडेला उरल्या तर फुगीर. सगळ्या एकदम गेल्या की सपाट. ८० वर एका बाजूला तासभर जातो. इथे घाई केली की पॉलिशच्या वेळी पात्याचे चरे पुन्हा वर येतात आणि मागे येऊन सगळं परत करावं लागतं. क्रमांक ८ चं तेच झालं.

दर नंबरनंतर चकती, हात, नखं, बाही, सगळं धुवायचं. ८० नंबरचा एक कण १००० च्या काचेवर आला की चरा पडलाच. प्रत्येक नंबराला मी वेगळं घमेलं आणि वेगळं फडकं ठेवलं आहे.

सगळं ओलंच करायचं, हा नियम मोडायचा नाही. सिलिकाची कोरडी धूळ फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही. गुजरातेत खंबायतला पिढ्यान्‌पिढ्या अकीक घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस होत आला आहे. आपण ज्या मण्यांचं कौतुक करतो त्यांची ती किंमत त्या माणसांनी मोजली आहे. भाचा एकदा कोरड्या चकतीची कड कानशीने घासायला लागला, त्याच्या हातून ती काढून घेतली. गाळही वाळू न देता ओल्या कागदात गुंडाळून टाकते. मोरीत नाही, तो सिमेंटसारखा बसतो.

३ सप्टेंबर, तान्हा पोळा

गल्लीत पोरं लाकडाचे बैल सजवून फिरत होती. दुपारी पॉलिश. नमदा ओला करून त्याच्यावर सिरियम ऑक्साइडची फिकट पिवळसर पूड. ही आमच्या धंद्यातलीच, काचेला चमक आणणारी. बाबांच्या बरणीत अजून निम्मी होती.

पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही. मग नमदा थोडा सुकत येतो, ओढ लागते, आणि त्याच वेळी चमक यायला लागते. खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब चकतीत पाहायचं : गज सरळ आणि काळे दिसले की झालं, कडा धुरकट दिसल्या तर अजून. क्रमांक ५ मध्ये गज दिसले तेव्हा साडेपाच वाजले होते. राखाडी दगड. पण आत निळसर, दुधी, मधासारखे पट्टे, एका सेंटिमीटरात मोजून चाळीस, आणि मध्ये क्वॉर्ट्झचं एवढंसं डबकं. बराच वेळ ती चकती हातातच राहिली.

८ सप्टेंबर

भाच्याने ऑनलाइन मागवलेली चकती आली : गर्द निळी, तळहाताएवढी, चहाचा कप ठेवण्यासाठी विकतात ती. दुकानातल्या भिंगं तपासायच्या दिव्याच्या पेटीवर ठेवली. निळा रंग काही पट्ट्यांत गच्च, शेजारच्या पट्ट्यांत पुसट, तडांमध्ये साचलेला. मधला क्वॉर्ट्झ जवळपास पांढरा. म्हणजे रंगवलेली. कॅल्सेडोनीच्या काही थरांत सूक्ष्म छिद्रं असतात, तिथे रंग शिरतो. क्वॉर्ट्झमध्ये शिरत नाही.

ही कला जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइनच्या कारागिरांनी १९ व्या शतकात पक्की केली. तिथला दगड संपत आल्यावर त्यांच्यातलेच लोक ब्राझीलला गेले, रिओ ग्रांदे दो सुलचे अकीक त्यांना सापडले, आणि तो राखाडी दगड रंग छान पितो हे लक्षात आलं. साखरेच्या पाण्यात मुरवून गंधकाम्लात टाकला की थरातली साखर कोळशासारखी होऊन पट्टा काळा पडतो. निळ्यासाठी दगडाच्या आतच प्रशियन ब्लू तयार करतात.

भाच्याला वाईट वाटलं. त्याला म्हटलं, दगड खराच आहे, आणि त्याला घडवणाऱ्याची मेहनतही खरी. पाकिटावर 'नैसर्गिक रंग' छापलंय, तेवढं खोटं. आणि देश, गाव, खाण, काहीच छापलेलं नाही. भाचा जरा थांबून म्हणाला, "मग आजोबांच्या दगडांवर तरी कुठे काय आहे?"

यावर मला उत्तर देता आलं नाही.

२२ सप्टेंबर

आजची नोंद मोठी होणार.

ख-४ कापला, खडूच्या बाणाला समांतर, उभा. आत वरच्या भागात भिंतीला धरून वळणारे नेहमीचे पट्टे आहेत. पण तळाशी पट्टे सरळ, आडवे, भांड्यात साचलेल्या पाण्यासारखे. पोकळीत सिलिका तळाला बसत गेली की असे थर होतात. गुरुत्वाकर्षण त्यांना आडवं ठेवतं. बाणाशी काटकोन्या लावून पाहिला. पट्टे आणि बाण यांच्यात नव्वद अंश, माझ्या खडूच्या रेघेत जेवढी चूक असेल तेवढीच इकडेतिकडे.

म्हणजे या कापात तरी हे थर बसले तेव्हाची आडवी पातळी आणि आजची आडवी पातळी एकच. वाडीच्या पुढचा तो पत्थर त्यानंतर निदान या कापाच्या दिशेने तरी कललेला नाही. एका खडूच्या बाणामुळे चार सेंटिमीटरच्या चकतीने एवढं सांगितलं.

मग बाबांचा क्रमांक ७ काढला. त्यातही तसेच आडवे थर आहेत, याच्याहून सुरेख, अकरा मोजता येतात. पण तो खडकात कसा बसला होता, वर कुठली बाजू होती, कोणालाच ठाऊक नाही. आडवे थर पाहून तो पूर्वी कसा होता एवढं कळतं. आजच्या जमिनीशी त्याचं नातं लावता येत नाही. दोन्ही चकत्या दिव्याच्या पेटीवर शेजारी ठेवल्या. देखणी बाबांचीच. बोलते ती ख-४.

६ ऑक्टोबर

माहुरझरीला गेले. नागपूरपासून साधारण १५ किलोमीटर, काटोल रोडच्या अंगाने. विदर्भातल्या शिलावर्तुळांच्या, म्हणजे दफनांभोवती दगडांची गोल कडी रचणाऱ्या प्राचीन लोकांचं हे मोठं ठिकाण, आणि मणी घडवण्याचं केंद्र. शां. भा. देव यांनी १९७० ते ७२ मध्ये इथे उत्खनन केलं. अकीक, तांबडा कार्नेलियन, जास्पर, क्वॉर्ट्झ यांचे मणी आणि मणी करतानाचा अर्धवट माल इथे मिळालेला आहे.

जे मी टाइल कटर आणि सिरियम ऑक्साइडने करते आहे ते त्यांनी विजेशिवाय, हिऱ्याच्या पात्याशिवाय केलं, वर मण्यातून आरपार भोकही पाडलं. तांबडा रंग मात्र बहुधा तापवून आणतात : दगडातलं पाणी धरलेलं लोहाचं पिवळट ऑक्साइड मंद आचेवर पाणी सोडतं आणि लाल होतं. रतनपूरचा दगड खंबायतचे लोक याच रीतीने लाल करत आले आहेत. मी तापवणार नाही हे आधीच ठरलं आहे, माझ्या चकत्यांनी जमिनीत होत्या तशाच राहायचं आहे.

शेताच्या कडेला मातीत अकीकाची एक कपची दिसली. दोन इंचांवरून पाहिली, उचलली नाही. अशा जागी एक कपची कुठे पडली आहे यालाच अर्थ असतो; माझ्या खिशात आली की ती पुन्हा बाबांच्या डब्यातला दगड.

२० ऑक्टोबर

क्रमांक ११ अकीक नव्हताच. बाहेरून तसाच राखाडी, काच चरणारा. कापल्यावर आत पट्टे नाहीत, सगळा एकसारखा मळकट चर्ट, सिलिकेचाच पण पट्ट्यांविना दगड. दुसरा काप घेतला तर कडेला सेंटिमीटरभर लांबीची वळ्यावळ्यांची आकृती. शंख. उभा कापला गेलेला, आतले कप्पे दुधी कॅल्सेडोनीने भरलेले.

दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांत काळात इथे तळी होती, त्यांच्या गाळात फायसा जातीच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायी राहत. पुढचा लाव्हा त्याच्यावरून वाहिला. नागपूरच्या टाकळीचे हे थर जगाला कळले ते स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळे. धर्मप्रसारक म्हणून आलेला हा माणूस इथली माती आणि दगड वाचत फिरला, आणि १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना नदी ओलांडताना बुडाला. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

मनात लगेच आलं की चिठ्ठीवर 'टाकळी' लिहून टाकावं. बाबा सायकलने तिथे सहज जाऊ शकले असते. पण असे थर सीताबर्डीला आहेत, तिकडे छिंदवाड्याकडे मोहगाव कलानला आहेत. शंख दगडाचा प्रकार सांगतो, गाव सांगत नाही. लिहिलं नाही.

२७ ऑक्टोबर

क्रमांक २ अडीच मिलिमीटरपर्यंत पातळ केला. पट्टे फार बारीक असले तर अशा चकतीतून प्रकाश फाकून इंद्रधनुष्याचे रंग दिसतात. दिसले नाहीत.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

आत्या आली होती. बाबा नाहीत, पण ती या दिवशी येते, मीच ओवाळून घेते तिच्याकडून. जेवण झाल्यावर तिच्यासमोर सगळे दगड मांडले, कापलेले आणि न कापलेले. चकत्यांकडे तिने फारसं पाहिलं नाही. न कापलेल्यांतला एक चपटा, एका कडेला गुळगुळीत झिजलेला पांढुरका दगड उचलला.

"हे तं आबाची गार व्हय. चकमकीची. कोंढाळीच्या वावरात विहीर खांदताना निघाली होती. आबा बिडी पेटवे याच्यावर. एका हातात गार अन्‌ सावरीचा कापूस, दुसऱ्या हातात लोखंड."

कड भिंगाखाली पाहिली. बारीक-बारीक टवके, सगळे एकाच बाजूला. चकमकीत दगड पेटत नाही; त्याची कठीण धार लोखंडाचे सूक्ष्म कण खरवडते आणि ते तापून ठिणग्या होतात. आजोबांच्या हाताने पडलेले हे टवके. मागच्या महिन्यात हाच दगड प्लास्टरमध्ये बसवायला काढला होता, चपटा म्हणून ठोकळ्यावर नीट बसेना, तेव्हा बाजूला ठेवला.

आत्याला बाकीचे एकेक करून दाखवले. "ते नाही सांगता येत पोरी. तुह्या बाबाले सगळे ठाऊक होते."

१० नोव्हेंबर

चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येक दगडाच्या सालीवर, पॉलिशपासून दूर, पारदर्शक नेलपॉलिशचा ठिपका, तो सुकल्यावर काळ्या शाईने क्रमांक, त्याच्यावर पुन्हा एक थर. चकती आणि उरलेला अर्धा भाग यांना एकच क्रमांक. पुठ्ठ्याच्या खोक्यात प्रत्येकाचा वेगळा कप्पा, चिठ्ठी दगडाखाली.

ख-४ : अकीक, आडव्या थरांसह. वाडीच्या पुढे, अमरावती रोड, खदानीच्या कडेतून, जागेवरून काढलेला. वरची दिशा बाणाने दाखवली आहे. ४ ऑगस्ट २०२४. एक बाजू पॉलिश. रंग नाही, तापवलेला नाही.

क्रमांक १ ते १२ वर, ११ वगळून : अकीक. बाबांच्या डब्यातून. ठिकाण माहीत नाही.

क्रमांक ११ : शंखासह चर्ट. बाबांच्या डब्यातून. ठिकाण माहीत नाही.

क्रमांक १७ : अकीक, आजोबांची चकमकीची गार. कोंढाळी, ता. काटोल, घरच्या शेतातल्या विहिरीतून, आत्याच्या सांगण्यावरून. कापलेला नाही.